गजकर्णावरच्या गोळ्या : अर्ध्यात सोडल्या की काय होतं



भाताची लावणी सुरू झाली की गटाच्या बैठकीत एक गोष्ट हमखास दिसते. रजिस्टरवर सही करताना एक हात पेन धरतो आणि दुसरा हळूच पदराखाली कमरेशी जातो. कुणी काही बोलत नाही, पण सगळ्यांना कळतं. दिवसभर गुडघाभर चिखलात उभं राहायचं, ओलं लुगडं अंगावरच वाळवायचं, घरी आलं की तसंच चुलीपुढे बसायचं. गजकर्ण होणार नाही तर काय!

यंदा मी बैठकीत सरळच विचारलं, "कुणाकुणाला आहे?" आधी सगळ्या हसल्या. मग एकीने हात वर केला आणि बघता बघता निम्म्याहून जास्त हात वर झाले. मी म्हटलं, पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरात जे औषध असेल ते घेऊन यायचं. तसं सगळ्यांनी आणलं आणि सतरंजीवर जणू मेडिकलचं दुकानच मांडलं गेलं. दाबून दाबून चपट्या झालेल्या ट्यूबा, तऱ्हेतऱ्हेच्या रंगांच्या कॅप्सूल, चार खाल्लेल्या आणि सहा उरलेल्या गोळ्यांची पाकिटं. कुणी मेडिकलमध्ये नुसतं "खाजेचं द्या" म्हणून आणलेलं, कुणाला नणंदेने दिलेलं, कुणाचं मागच्या पावसाळ्यातलं. संपलेलं पाकीट कोण कशाला जपून ठेवेल म्हणा, पण विचारल्यावरही "मी सांगितले तेवढे दिवस गोळ्या खाल्ल्या" असं छातीठोक सांगणारी एकही निघाली नाही.

त्या सतरंजीवर माझंही एक अर्धं पाकीट होतं. ते मी मुद्दाम ठेवलं आहे. त्याची गोष्ट पुढे सांगते.

वरचं तण आणि खालची मुळी

गजकर्ण म्हणा, नायटा म्हणा, दाद म्हणा, ती एक बुरशीच आहे. शिळ्या भाकरीवर येते, लोणच्याच्या तोंडाशी येते, त्याच जातकुळीतली. फरक इतकाच की ही बुरशी आपल्या कातडीचा, केसांचा आणि नखांचा जो कडक भाग असतो त्यावर जगते. त्या भागाला केराटिन म्हणतात. तिला ऊब लागते, ओल लागते. म्हणून ती जांघेत, कमरेला परकराच्या नाडीखाली, स्तनांच्या खाली, काखेत आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात बसते. मध्ये बरं झाल्यासारखं दिसतं आणि कडेने लाल, खवल्यांची गोल रेघ पुढे पुढे सरकत जाते. बांधावरची हरळी कशी पसरते, तशी.

एखादाच छोटा चट्टा असेल, नवा असेल, तर साधं बुरशीचं मलम पुरतं. चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं जागा धरून लावायचं, आणि डाग गेला तरी आणखी दोन आठवडे लावत राहायचं. पण चट्टे बरेच झाले, मोठे झाले, पुन्हा पुन्हा उलटले, किंवा बुरशी केसांत आणि नखांत शिरली, की वरून लावलेलं मलम कमी पडतं. तिथे डॉक्टर पोटातून घ्यायची गोळी देतात.

पोटात गेलेली गोळी कातडीपर्यंत पोचते कशी, असं आमच्या गटातल्या एका आजींनी विचारलं. प्रश्न अगदी बरोबर आहे. गोळी पोटातून रक्तात जाते आणि रक्तातून कातडीच्या खालच्या थरात. आपली कातडी खालून वर वाढत असते, जुना थर झडत असतो. खालून येणारा नवा थर औषध घेऊनच वर येतो. शिवाय घामातून आणि कातडीच्या तेलातूनही काही औषध वर पोचतं. म्हणजे वरून खुरपण्याऐवजी नवी जमीनच अशी तयार होते की तण रुजू नये. पण जुना थर पूर्ण झडून नवा वर यायला कित्येक आठवडे जातात. खाज मात्र आठवडाभरात कमी होते. आपण इथेच फसतो. खाज थांबली म्हणजे रोग गेला असं आपल्याला वाटतं, पण तोवर नुसता वरचा पाला कापलेला असतो.

दुसरी एक गोष्ट. बुरशीच्या गोळ्या वेगळ्या आणि जंतूंवरच्या म्हणजे अँटिबायोटिकच्या गोळ्या वेगळ्या. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो, आपल्या पेशींत त्याच्या जागी कोलेस्टेरॉल असतं. टर्बिनाफिन, इट्राकोनाझोल, फ्लुकोनाझोल या गोळ्या नेमका तो एर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाहीत. म्हणून बुरशीचं घर पडतं आणि आपलं टिकतं. अँटिबायोटिकचा यात काही उपयोग नाही. उलट ती फार खाल्ली की एका जातीची बुरशी वाढतेसुद्धा.

माझी गोष्ट

तीन वर्षांपूर्वी मला जांघेत आणि कमरेला गजकर्ण झालं. लाजेने कुणाला दाखवलं नाही. बाजाराच्या दिवशी एका मेडिकलमधून ट्यूब आणली. दोन दिवसांत खाज गेली, लाली गेली. मला वाटलं, काय गुणाचं औषध आहे! महिन्याने ट्यूब संपली आणि आठ दिवसांत पहिल्यापेक्षा दुप्पट जागेवर उठलं. पुन्हा ट्यूब, पुन्हा तेच. असं वर्षभर चाललं. जांघेतली कातडी पातळ झाली, बाळंतपणानंतर पोटावर उठतात तसे पांढरे ओरखडे उठले. ते आजही आहेत.

मग त्याच दुकानातून कॅप्सूल आणल्या. दहाचं पाकीट. सहा खाल्ल्या, बरं वाटलं, चार उरल्या. माझ्या धाकट्या जावेलाही तसंच झालं होतं. मी म्हटलं, औषध महागाचं आहे, वाया कशाला घालवायचं, आणि त्यातल्या दोन तिला दिल्या. तिचे दिवस लांबले होते. तिला वाटलं, कामाच्या दगदगीने असेल. दिवस गेलेत हे आशाताईंनी तपासणी केली तेव्हा कळलं. आणि गोळीचं पाकीट बघून आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाई माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मला जमीन फाटावी असं झालं. गरोदर बाईला, किंवा दिवस राहण्याची शक्यता असलेल्या बाईला ही गोळी गजकर्णासाठी द्यायचीच नसते.

जाऊ सुखरूप बाळंत झाली, मुलगी ठणठणीत आहे. डॉक्टरबाईंनी सांगितलं की दोनच गोळ्या होत्या, फार घाबरू नका, सोनोग्राफी वेळेवर करा. पण ते सात महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. उरलेल्या दोन गोळ्यांचं पाकीट अजून माझ्या ट्रंकेत आहे.

माझं गजकर्ण पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन बरं झालं. नीट दोन महिने औषध घ्यावं लागलं. पुढचं बरंच काही मी तिथे रांगेत बसून आणि डॉक्टरांना खोदून खोदून विचारून शिकले आहे.

त्या ट्यूबेत काय असतं

गोळीआधी ट्यूबेचं सांगते, कारण आपल्यापैकी बहुतेकींची गोळीपर्यंत यायची वेळ त्या ट्यूबेमुळे येते. दोन दिवसांत खाज थांबवणाऱ्या मिश्रणाच्या मलमांत स्टिरॉइड असतं. स्टिरॉइड खाज आणि लाली दाबतं, पण त्याबरोबर कातडीची रोगाशी लढायची ताकदही दाबतं. राखणदार झोपला की डुकरं शेतात शिरणारच. बुरशी आतून बिनबोभाट पसरते, चट्ट्याचं रूप बदलतं, आणि मग अनुभवी डॉक्टरलाही पटकन ओळखता येत नाही.

2018 मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 328 मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यात स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र कालवलेली कितीतरी मलमं होती. कायदा झाला, पण आमच्या सतरंजीवर पडलेल्या ट्यूबांत स्टिरॉइडवाल्या निघाल्याच. ट्यूबेवरची अक्षरं बारीक आणि इंग्रजी असतात. शाळेत जाणाऱ्या पोरीला वाचायला सांगा. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, डेक्सामेथासोन यांतलं एखादं नाव निघालं तर ती ट्यूब गजकर्णाला लावायची नाही. फार दिवस लावत असाल तर डॉक्टरांना दाखवून सोडा, कारण सोडल्यावर काही दिवस खाज उसळते आणि बाई घाबरून पुन्हा तीच ट्यूब उचलते. मी तेच केलं होतं.

कोणती गोळी कशासाठी

गोळ्यांची नावं मी सांगते आहे ती ओळख व्हावी म्हणून, दुकानात जाऊन मागावी म्हणून नाही. यांतली प्रत्येक गोळी चिठ्ठीवरच मिळायला हवी.

सगळ्यात जुनी ग्रिसिओफल्विन. 1958 पासून ती गजकर्णासाठी माणसांना देऊ लागले. त्याआधी काही देशांत लहान मुलांच्या डोक्यातल्या गजकर्णाला क्ष-किरण मारून केस घालवत, इतकी वाईट स्थिती होती. ही गोळी आजही मुलांच्या डोक्यासाठी देतात. मुलाच्या डोक्यावर गोल टक्कल पडलं, केस मुळापाशी तुटके दिसले, खपल्या आल्या, तर नुसतं तेल किंवा मलम चालत नाही, कारण बुरशी केसाच्या मुळात असते आणि मलम तिथे पोचत नाही. पोटातूनच औषध लागतं, तेही मुलाच्या वजनावर मोजून आणि दीड-दोन महिने. कधीकधी तिथे पू भरल्यासारखी मऊ गाठ येते. ती कापायला किंवा पिळायला जाऊ नका, बहुतेक वेळा ती गोळीनेच बसते. ग्रिसिओफल्विन तेलातुपाच्या जेवणानंतर दिली तर अंगी जास्त लागते. आणि मोठ्या बाईला ती दिली असेल तर एक लक्षात ठेवा : पाळणा लांबवण्याच्या गोळीचा असर ती कमी करते.

टर्बिनाफिन ही गोळी बहुधा दिवसातून एकदा असते. नखांच्या बुरशीला ती चांगली. हाताच्या नखांना साधारण सहा आठवडे, पायाच्या नखांना बारा आठवडे घ्यावी लागते. पण गोळ्या संपल्या म्हणजे नख लगेच गुळगुळीत दिसेल असं नाही. पायाचं नख नवं यायला वर्षही लागतं. अशा वेळी "गुण आला नाही" म्हणून डॉक्टर बदलत फिरू नका. या गोळीने कुणाकुणाची तोंडाची चव जाते. आमच्यातल्या एकीला तिचीच आमटी अळणी लागायला लागली, ती मीठ वाढवत गेली आणि घरात रोज भांडण! गोळी थांबल्यावर चव बहुतेकींची परत येते, पण तसं झालं तर डॉक्टरांना सांगायचं.

या टर्बिनाफिनचंच आपल्या देशात एक मोठं दुखणं झालं आहे. अर्धवट औषधं, कमी दिवसांच्या गोळ्या आणि स्टिरॉइडची मलमं यांचा सुळसुळाट झाला, आणि तेवढ्या काळात या गोळीला दाद न देणारी बुरशी आपल्याकडे फोफावली. 2020 मध्ये शास्त्रज्ञांनी तिला वेगळं नाव दिलं, ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावातच इंडिया आहे बघा! ती आता परदेशांतही सापडते. म्हणून शेजारणीला जी गोळी लागू पडली ती तुम्हाला पडेलच असं नाही. एका घरातल्या दोघींनाही वेगवेगळी गोळी लागू शकते.

अशा वेळी डॉक्टर बरेचदा इट्राकोनाझोल देतात. ही कॅप्सूल. ती उघडली तर आत साबुदाण्याहून बारीक दाणे दिसतात. उघडायची नाही, चावायची नाही, आख्खी गिळायची. हिची एक खोड आहे. तिला विरघळायला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ती भरपेट जेवणानंतर लगेच घ्यायची. रिकाम्या पोटी चहाबरोबर घेतली तर औषधाचा बराचसा भाग अंगी लागतच नाही. आता आपल्याकडे काय होतं? गजकर्ण पावसाळ्यात उठतं, आणि आषाढी, श्रावणी सोमवार, चतुर्थी, हरितालिका हे सगळे उपासही तेव्हाच. बाई दिवसभर उपाशी आणि गोळी सकाळी सातला! उपास करायचा असेल तर करा, पण गोळी फराळानंतर किंवा रात्री उपास सोडल्यावर घ्या, आणि डॉक्टरांना तसं सांगून वेळ ठरवून घ्या. दुसरं, आपल्याला प्रत्येक औषधाबरोबर "गॅसची गोळी" घ्यायची सवय लागली आहे. पित्ताचं पातळ औषध किंवा ॲसिडिटीची गोळी या कॅप्सूलचा असर मारते. घेत असाल तर लपवू नका.

किटोकोनाझोल ही गोळी पूर्वी सर्रास देत. तिने यकृताला जास्त इजा होते असं दिसून आल्यावर 2013 मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने बुरशीसाठी ही पोटात घ्यायची गोळी थांबवायची शिफारस केली. घरात जुनं पाकीट असेल तर ते वापरू नका. तिचा शांपू आणि मलम वेगळं, ते चालतं.

आणि पाठीवर, गळ्याशी जे पांढरे किंवा तपकिरी, बारीक कोंडा सुटणारे ठिपके येतात, ज्याला आपण शिबं म्हणतो, तीही बुरशीच, पण वेगळी. तिला टर्बिनाफिनची गोळी चालतच नाही. बहुतेकदा मलम किंवा शांपूवर काम भागतं.

अंगावरून पांढरं जातं तेव्हा

हा विषय बैठकीत सगळ्यात शेवटी, दार लोटून घेतल्यावर निघाला. अंगावरून दह्यासारखं घट्ट पांढरं जातं, खाली खूप खाज आणि आग होते, लघवी करताना झोंबतं, तेव्हा बहुधा कॅन्डिडा नावाची बुरशी असते. त्यावर फ्लुकोनाझोलची 150 मिलिग्रॅमची एकच गोळी अनेकदा पुरते. पण पांढरं जाण्याचं कारण प्रत्येक वेळी बुरशीच असतं असं नाही. वास येणारं, हिरवट-पिवळं जाणारं, ओटीपोट दुखणारं, ते वेगळं असतं आणि त्याला औषधही वेगळं. सरकारी दवाखान्यात या तक्रारीसाठी तपासून हिरव्या रंगाचं औषधांचं पाकीट देतात, ते मोफत असतं. पोटुशी बाईला मात्र ही गोळी देत नाहीत, तिला आत ठेवायची वेगळी गोळी मिळते. म्हणून पाळी चुकलेली असेल तर तपासणाऱ्या ताईंना ते आधी सांगायचं. आणि हे पुन्हा पुन्हा होत असेल तर साखर तपासून घ्या. रक्तात साखर वाढली की बुरशीला मेजवानी. कितीतरी बायकांचा मधुमेह असाच सापडतो.

या कॅन्डिडावरचं पहिलं चांगलं औषध, निस्टॅटिन, दोन बायकांनी शोधलं हे तुम्हाला आवडेल. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन काम करत. दोघी वेगवेगळ्या शहरांत. एक मातीतले जंतू तपासायची आणि नमुने पोस्टाने दुसरीकडे पाठवायची. ओळखीच्या कुटुंबाच्या दुभत्या गाईंच्या शेतातल्या मातीत त्यांना हे औषध सापडलं, 1950 मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. त्यातून आलेला पैसा दोघींनी स्वतःकडे न ठेवता संशोधनाला दिला. हे औषध तोंडाने घेतलं तरी रक्तात जात नाही, तोंड आणि आतडं इथेच काम करतं, त्यामुळे गजकर्णाला त्याचा उपयोग नाही.

2021 मध्ये कोरोनाच्या लाटेत आपण काळ्या बुरशीच्या बातम्या ऐकल्या, त्यामुळे "फंगस" म्हटलं की काहींच्या पोटात गोळा येतो. ती बुरशी वेगळी, तिचं औषध वेगळं, बहुधा शिरेतून देतात. गजकर्णाची तशी कधी होत नाही. तिथेही वाढलेली साखर आणि स्टिरॉइड यांनी बुरशीला वाट करून दिली होती, एवढंच साम्य.

डॉक्टरांना काय सांगायचं

आपण दवाखान्यात गेलो की "खाज येते" एवढंच म्हणतो आणि पदर सावरून बसतो. चट्टे दाखवत नाही. बाई डॉक्टर असल्या तरी नाही. दाखवलंच पाहिजे. रात्री जास्त खाजतं, बोटांच्या बेचक्यात पुरळ आहे आणि घरात सगळेच खाजवताहेत, तर ती खरूज असू शकते, तिचं औषध निराळं. चट्टा फिकट आहे, खाजत नाही आणि तिथे टोचलेलं कळत नाही, तर ते कुष्ठरोगासाठी तपासायला हवं, उशीर न करता.

गोळी लिहून द्यायच्या आधी पाळीची तारीख सांगा. बाळ अंगावर पीत असेल तर सांगा. कावीळ होऊन गेली असेल, यकृताचा काही आजार असेल, हृदयाचा त्रास असेल, चालताना धाप लागत असेल, पाय सुजत असतील तर सांगा, कारण हृदय कमजोर असलेल्यांना इट्राकोनाझोल देत नाहीत. घरातल्या पुरुषाला गोळ्या चालू असतील आणि तो दारू पीत असेल तर तेही सांगा, तो सांगणार नाही. आणि दुसऱ्या ज्या गोळ्या चालू असतील त्यांची पाकिटं पिशवीत घालून सोबत न्या. टीबीच्या औषधातलं रिफाम्पिसिन आणि फिटच्या काही गोळ्या इट्राकोनाझोलचा असर घालवतात. उलट, मधुमेहाच्या काही गोळ्यांबरोबर फ्लुकोनाझोल घेतली तर साखर एकदम खाली येऊन चक्कर येते. कोलेस्टेरॉलच्या आणि बीपीच्या काही गोळ्यांशीही या औषधांचं जमत नाही.

गोळी फार दिवस चालणार असेल तर डॉक्टर यकृताची रक्ततपासणी सांगतात. पैसे वाचवायला ती टाळू नका, सरकारी दवाखान्यात करून मिळते का ते विचारा. गोळ्या चालू असताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली, उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, अंगभर पुरळ उठलं किंवा पायाला सूज आणि धाप लागली, तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. असं फार कमी जणांना होतं. बहुतेकींना काही होत नाही. पण कुणाला होईल ते आधी कळत नाही.

पैसा, टॉवेल आणि वासरू

महिना-दोन महिने गोळी म्हणजे खर्च. अर्ध्यात सोडण्याचं खरं कारण बहुतेकींचं हेच असतं, विसरणं नाही. आम्ही गटात ठरवलं की या आजाराला अंतर्गत कर्ज लहान का होईना, द्यायचं. त्याआधी आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात औषध आहे का ते विचारायचं, आणि नसेल तर जनऔषधी केंद्रात तेच औषध कंपनीच्या नावाशिवाय स्वस्त मिळतं का ते पाहायचं. एकदम सगळं घ्यायला पैसे नसतील तर पंधरा दिवसांचं घ्या, पण पुढच्या पंधरा दिवसांचे पैसे आजच बाजूला काढून. दोन गटांत खंड पडला की पहिल्याचे पैसेही पाण्यात.

आणि एकटीने गोळी खाऊन उपयोग नाही. घरात नवऱ्याला, मुलाला असेल तर सगळ्यांचं औषध एकदम सुरू व्हायला हवं. नाहीतर आज तुमचं गेलं, महिन्याने त्यांच्याकडून पुन्हा आलं. एकच टॉवेल सगळ्यांनी वापरायचा, एकाच गोधडीत झोपायचं, हे तेवढे दिवस बंद. आतले कपडे, परकर, चादरी गरम पाण्यात धुवायच्या आणि उलट्या करून कडक उन्हात वाळवायच्या. पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा इस्त्री फिरवायची. नाडी एकाच जागी रोज घट्ट बांधू नका, तिची जागा वर-खाली करा. मुलांच्या आणि पुरुषांच्या कमरेला करगोटा असतो, बुरशी त्या दोऱ्यात मजेत राहते. तो औषध चालू असेपर्यंत काढून ठेवायला सासूबाई तयार होत नाहीत, हे मला माहीत आहे. आमच्या घरी नवा दोरा बांधायचा आणि जुना जाळायचा यावर तोड निघाली.

गोठ्यात वासराच्या डोळ्यांभोवती किंवा मानेवर राखाडी जाड खपल्या, केस गेलेले गोल चट्टे दिसतात ना, तेही गजकर्णच असतं, आणि ते वासरातून माणसात येतं. शेण काढणाऱ्या, दूध काढणाऱ्या बाईच्या हातावर येतं. वासराला जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा, त्याला हात लावल्यावर साबणाने धुवा, आणि आपल्या गोळ्या वासराला घालू नका, वासराचं औषध आपल्याला लावू नका. हसू नका, आमच्याकडे हे दोन्ही झालं आहे.

टाकळ्याचा पाला वाटून लावायची आपली जुनी पद्धत आहे, पण पसरलेलं गजकर्ण त्याने जात नाही. लसूण, रॉकेल, बॅटरीतलं पाणी, ब्लेडने खरवडणं यांनी कातडी भाजते, जखम होते आणि त्यात पू होतो. मग बुरशीचं राहतं बाजूला, जखमेचंच औषध करावं लागतं.

लावणी संपल्यावरच्या बैठकीत आम्ही पुन्हा सतरंजी अंथरणार आहोत. या वेळी पाकिटं नकोत, दवाखान्याची चिठ्ठी आणि गोळी घेतलेल्या दिवसांवर फुली मारलेलं कॅलेंडर आणायचं ठरलं आहे. कॅलेंडर देवाच्या फोटोचं असलं तरी चालेल, असं आमच्या अध्यक्षताईंनी जाहीर केलं.